घर भरलंय, सिनेमा एकच लावायचाय: ‘आता थांबायचा नाय’ की ‘दशावतार’?

२०२५ मधले चांगले मराठी सिनेमे थिएटरात हुकले, आता सुट्टीत घरी सगळे जमलेत, एकच रात्र मोकळी आहे, तर काय लावू? हा प्रश्न मला ओळखीपाळखीतून सारखा येतो. हुकण्यात लोकांचा दोष नसतो. नाशकात मराठी सिनेमाला बरेचदा दुपारी बाराचा नाहीतर रात्री उशिराचा खेळ मिळतो. सातपूरहून ड्युटी संपवून येणारा माणूस त्यात बसतच नाही. मग घर हेच थिएटर.

मी दोनच नावं सांगते. १ मे २०२५ ला आलेला शिवराज वायचळचा ‘आता थांबायचा नाय’ आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला आलेला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’. दोन्ही झी स्टुडिओजचे, दोन्ही झी५ वर आले, आणि भरत जाधव दोन्हींत आहे. पण एकाऐवजी दुसरा लावला तर संध्याकाळ पार वेगळी जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला दिसलेला मुख्य फरक असा, की ‘दशावतार’ एका नटाचा सिनेमा आहे आणि ‘आता थांबायचा नाय’ एका टोळक्याचा. तुमच्या दिवाणखान्यात त्या रात्री कोण बसणार आहे, त्यावर निवड करा.

‘आता थांबायचा नाय’ची गोष्ट मुंबई महापालिकेतल्या चतुर्थश्रेणी कामगारांची, आणि खऱ्या घटनेवर बेतलेली. शाळा केव्हाच सुटलेली ही माणसं. एक अधिकारी त्यांच्या मागे लागतो की दहावी करा. दिवसा सफाईचं काम, रात्री शाळा. अधिकाऱ्याच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर आहेत. इतकी वर्षं ‘लगान’ आणि ‘स्वदेस’चे दिग्दर्शक म्हणून ओळखलेला हा माणूस इथे कुठेही मोठेपणा न मिरवता उभा राहतो. रात्रशाळेचा मास्तर ओम भूतकर. त्याचं वर्गातलं वागणं मला फार आवडलं, कारण आपल्यापेक्षा वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवताना लागणारा संकोच त्याने नीट पकडलाय. सिद्धार्थ जाधवला गोंधळी विनोदी भूमिकांत बघायची सवय असेल तर इथे तो आवाज खाली आणून काम करतो, ते बघण्यासारखं आहे. भरत जाधवही तसाच. ‘सही रे सही’मध्ये एकट्याने चार भूमिका नाचवणारा हा नट इथे बाकावर अंग चोरून बसतो, आणि त्या बसण्यातच सगळं येतं.

आमच्याकडे हा सिनेमा लावला तेव्हा आई समोर मेथी निवडत बसली होती. वर्गातले प्रसंग सुरू झाले आणि तिचा हात थांबला. जुडी मांडीवर तशीच राहिली. तिची स्वतःची शाळा सातवीनंतर सुटलेली. सिनेमा संपल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘बाहेरून दहावीला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म अजून भरता येतो का गं?’ त्यानंतर मी ह्या सिनेमातल्या उणिवांवर तिच्याशी वाद घातला नाही.

उणिवा आहेत. शेवट काय होणार हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. डोळे ओले व्हायला हवेत तिथे पार्श्वसंगीत आधीच हजर असतं. प्राजक्ता हनमघर आणि किरण खोजे यांच्या पात्रांना अजून जागा हवी होती. बायकांनी घर, झाडू आणि पुस्तक असं तिन्ही सांभाळणं हा खरं तर स्वतंत्र सिनेमाचा विषय आहे. गाणी गोष्टीत मिसळून जातात, पण दुसऱ्या दिवशी गुणगुणावीत अशी माझ्या तोंडी राहिली नाहीत.

नाशिककरांनी मात्र हा सिनेमा आत्ता बघावा असं मला मनापासून वाटतं. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. २०१५ च्या पर्वणीनंतर रामकुंड आणि गोदाघाट पहाटेपर्यंत कोणी झाडून काढला हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? ते चेहरे ओळखायची सवय लावणारा सिनेमा मराठीत फार क्वचित येतो.

आता ‘दशावतार’.

कोकणातल्या दशावतार ह्या लोकनाट्यातला म्हातारा नट बाबुली मेस्त्री. नजर अधू होत चाललेली, मुलाचं म्हणणं की बाबा, आता पुरे. मुलाच्या भूमिकेत सिद्धार्थ मेनन. ह्या बापलेकाच्या गोष्टीत हळूहळू डोंगर, जंगल आणि खाणकाम शिरतं, आणि पुढे सिनेमा सूडकथेचं वळण घेतो. याहून जास्त सांगत नाही.

बाबुली म्हणजे दिलीप प्रभावळकर. जन्म १९४४ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा वय ८१. ‘हसवाफसवी’त सहा भूमिका करणारा, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजीही करणारा हा नट. रूपं बदलणं त्याला नवं नाही. नवं आहे ते असं, की इथे रूप बदलणारं शरीर थकलेलं आहे आणि ते थकणं लपवलेलं नाही. वेषात उभा राहिला की पाठ ताठ, वेष उतरला की खांदे खाली. दोन्ही माणसं एकाच शरीरात राहतात यावर आपला विश्वास बसतो. माझ्या मते प्रभावळकरांच्या पडद्यावरच्या कामांत हे सर्वांत वरचं आहे. केवळ त्यांच्यासाठी सिनेमा बघितला तरी वेळ वाया जात नाही.

आपल्या नाशिककडच्या प्रेक्षकाला इथे एक जास्तीची गोष्ट मिळते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी ह्या पट्ट्यात होळीनंतर बोहाडे, म्हणजे देवादिकांच्या सोंगांचे उत्सव, होतात, काही गावांत त्याला आखाडी म्हणतात. आधी गणपती, मग शारदा, मग एकेक सोंग, संबळ आणि सनईवर, रात्रभर. कोकणातला दशावतारी नट गणपतीसारखं सोंग सोडलं तर तोंड रंगवतो, आणि तेही स्वतःच्या हाताने. बोहाड्यात मुखवटा असतो. पेठकडे मामाच्या गावी मी तो जवळून पाहिलाय. डोक्याच्या दुप्पट, मागून दोऱ्यांनी करकचून आवळलेला, कानशिलांना रुतू नये म्हणून आत फडकं कोंबलेलं. भोकांतून समोरचं जेमतेम दिसतं, पायाखालचं तर नाहीच. तरी सोंग घेणारा अडखळत नाही, कारण पाऊल कुठे टाकायचं ते त्याला संबळ सांगतो. नजर अधू झालेला बाबुली वाद्यं सुरू झाली की सावरतो तेव्हा मला तेच आठवलं, आणि हा सिनेमा फक्त कोकणाचा राहिला नाही. सोंग अंगावर असताना माणसाच्या पाया पडायचं आणि सकाळी त्यालाच मजुरीला बोलवायचं, हे आपल्या गावांनाही ठाऊक आहे.

संगीतात ‘दशावतार’ कितीतरी पुढे आहे. संगीतकार ए. व्ही. प्रफुल्लचंद्र, म्हणजे ‘नाळ’मधलं ‘जाऊ दे न व’ ज्यांचं ते. गाणी गुरू ठाकूर यांची. तालवाद्यं नुसती मागे वाजत राहत नाहीत, प्रसंग पुढे ढकलतात. नाशिक ढोल कानात घेऊन वाढलेल्यांना तर ते आधी पायात जाणवतं. पण टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरवर त्यातला अर्धा खालचा आवाज गळून पडतो. घरात ब्लूटूथ स्पीकर असेल तर जोडा, कुणाचा साउंडबार असेल तर मागून आणा. ‘आता थांबायचा नाय’ला ह्याची काहीच गरज नाही. तो संवादांवर चालतो, मोबाइलवर बघितला तरी कळतो.

‘दशावतार’चं न पटलेलंही सांगते. खाणवाले आणि त्यांचे पुढारी एकाच रंगात रंगवलेत. समोरचा माणूस वाईट का झाला हे कळलं असतं तर बाबुलीचा राग अजून टोचला असता. उत्तरार्धात प्रश्न इतके भराभर सुटतात की पूर्वार्धातला संथ, खरा वेळ आठवत राहतो. महेश मांजरेकरांचा भाग आला की गोष्ट पोलीसपटाच्या वाटेला लागते, ते मला खटकलं. भरत जाधव इथे थोडाच आहे. त्याच्यासाठी बघणार असाल तर ‘आता थांबायचा नाय’च लावा.

लहान मुलांचं काय? दहाच्या आतली मुलं असतील तर ‘दशावतार’ रात्री नको. अंधार, जंगल, हत्या, आणि रंगवलेले चेहरे अचानक समोर येतात. भाची आमच्या इथे सोफ्याच्या मागे जाऊन बसली ती शेवटपर्यंत तिथेच. ‘आता थांबायचा नाय’ मुलांना कळतो आणि आवडतो. शाळेत मोठी माणसं ओरडा खातात ह्याची त्यांना फार मजा वाटते. ‘दशावतार’साठी मालवणीचीही थोडी तयारी ठेवा. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ कानावर बसायला सुरुवातीची दहा मिनिटं जातात, मग काही अडत नाही. फक्त त्या दहा मिनिटांत कुणी चहा विचारायला उठवू नका.

माझं मत विचाराल तर घर भरलेलं असताना ‘आता थांबायचा नाय’. मध्ये कुणी फोनवर बोललं, कुणी भेळ कालवायला उठलं, तरी परत येऊन बसता येतं. सिनेमा संपल्यावर गप्पा आपोआप शाळेवर जातात, आणि प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी निघतं. ‘दशावतार’ दोघा-चौघांचा आहे. दिवे बंद, फोन बाजूला, आणि मध्ये कुणी ‘आता काय झालं’ विचारणार नाही अशी माणसं. सिनेमा म्हणून मी ‘दशावतार’ला वर ठेवते, हेही स्पष्टच सांगते. पण प्रभावळकरांचा चेहरा बघताना शेजारी कुणी कुजबुजत असेल तर त्यातलं निम्मं हातून जातं.

दोन रात्री मिळत असतील तर आधी ‘आता थांबायचा नाय’ सगळ्यांबरोबर, आणि पाहुणे गेल्यावर ‘दशावतार’. घरात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा असतील तर ‘दशावतार’साठी त्यांना पडद्याजवळची खुर्ची द्या. अभिनय इतका चेहऱ्यावर आहे की शब्द सुटले तरी गोष्ट सुटत नाही.