परसातल्या कोंबड्या: वनराजा आणि गावरान, 42 महिन्यांनंतर

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरामागे चार वनराजा आणि दोन गावरान तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणून आता 42 महिने झाले. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली जात असल्यामुळे तिच्याकडून अंड्यांची अपेक्षा होती आणि पहिल्या वर्षी ती पुरी झाली. वहीत चौघींची मिळून 396 अंडी नोंदलेली आहेत. दुसऱ्या वर्षी 290 झाली. तिसऱ्या वर्षी एक कोंबडी मुंगसाने नेली आणि उरलेल्या तिघी 130 अंड्यांवर थांबल्या. विक्रेत्याने 'भरपूर अंडी' एवढेच सांगितले होते, ती किती वर्षे हे सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही.

अंडी आटली म्हणून कोंबडी संपत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर दिली आणि रात्री खुराडे नीट बंद केले, तर ती पाच ते आठ वर्षे सहज जगते. आमच्या मामींकडची एक गावरान नववे वर्ष गाठून गेली. मोठ्या पोल्ट्रीत मात्र साधारण दीड वर्षाच्या सुमारास कोंबड्या काढून टाकतात, त्यामुळे म्हातारी कोंबडी सहसा कोणाच्या पाहण्यातच येत नाही.

म्हातारपण आधी अंड्यातच दिसते. अंडे आकाराने मोठे होते, पण कवच पातळ आणि खरखरीत होते, कारण एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते आणि खाण्यातून ते पुरले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवू लागल्यावर फुटकी अंडी कमी झाली, हा उपाय मी पहिल्याच वर्षी करायला हवा होता. दिवाळीच्या सुमारास दिवस लहान होऊ लागले की पिसे गळतात आणि अंडी थांबतात. तरुणपणी दोन महिन्यांत सावरणाऱ्या कोंबड्यांना गेल्या खेपेस जवळजवळ चार महिने लागले. तुरा फिकट पडला आहे, पायांचे खवले जाड झाले आहेत. वजनदार वनराजा आता उंच दांडीवरून उतरताना लंगडतात, म्हणून दांडी वीतभर उंचीवर आणली.

गावरान जोडीतली प्रत्येक कोंबडी दहा-बारा अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, वर्षाला जेमतेम पन्नास अंडी देते, पण तिचा वेग आजही फारसा ढळलेला नाही. नव्याने घेणाऱ्याने दोन्ही मिसळून घ्याव्यात आणि न घालणाऱ्या कोंबडीचे काय करायचे हे घरात आधीच ठरवावे. आमच्याकडे ते ठरलेले नव्हते. थोरल्या वनराजाने पाच महिन्यांत एकही अंडे दिलेले नाही, आणि सकाळी कण्या टाकल्या की सर्वांत आधी तीच पोहोचते.