सोर्स फोडावा की फक्त पॅकेज? वाढत्या युटिलिटी संचापुढचे दोन मार्ग

सिस्टिम युटिलिटींचा संच दहा-बारा कमांडवरून चाळीस-पन्नासवर गेला, की एकच छोटी कमांड हवी असलेल्यालाही सगळे गाठोडे लायब्ररींसकट उतरवून घ्यावे लागते आणि विभाजनाची मागणी सुरू होते. तेव्हा दोन मार्ग समोर असतात: सोर्सचीच, म्हणजे मूळ कोडचीच, वाटणी करून प्रत्येक भागाला स्वतःची रिपॉझिटरी (कोडचे भांडार), आवृत्ती क्रमांक आणि रिलीज द्यायचे, किंवा सोर्स एकत्र ठेवून बांधणीच्या वेळी त्यातून अनेक लहान पॅकेजे (बसवायला तयार गठ्ठे) काढायची. माझ्या देखभालीतल्या संचासाठी मी आधी पहिला आणि नंतर दुसरा मार्ग धरला. त्यामुळे पुढचे मत अनुभवावर बेतलेले आहे, मोजमापावर नाही.

पहिल्या मार्गाचे आकर्षण खरे आहे. नेटवर्कची साधने दर महिन्याला बदलत असतील आणि डिस्कची वर्षभर तशीच राहत असतील, तर एका गटाने दुसऱ्यासाठी ताटकळत राहण्याचे कारण नाही. लिनक्ससारख्या प्रणालींवर खिडक्या आणि ग्राफिक्स दाखवणारे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एक्स.ऑर्गने २१ डिसेंबर २००५ रोजी एकाच कोडमधून एकसंध बांधणीचे एक्स११आर६.९ आणि सुट्या मॉड्यूलांचे एक्स११आर७.० अशी दोन रिलीज केली, आणि पुढची वाटचाल सुट्या मॉड्यूलांचीच झाली. ग्राफिक्स ड्रायव्हर आणि फाँट यांची गती मुळातच निराळी असल्याने तिथे ते योग्यच होते, असे मला वाटते.

माझ्या संचात मात्र सगळीकडे माणसे तीच होती आणि कोडही आतून गुंतलेला होता. त्याचे तीन भाग केले, तेव्हा वापरकर्त्याने ‘१०के’ किंवा ‘२जी’ असे लिहिले की त्याचे बाइट करून देणारे, जेमतेम साठ ओळींचे एक फंक्शन तिन्ही रिपॉझिटरींमध्ये नकलून गेले. काही महिन्यांनी कोणीतरी लॉग छाटणाऱ्या कमांडला ‘८ई’ अशी मर्यादा दिली. ८ एक्झिबाइट म्हणजे नेमका दोनचा त्रेसष्टावा घात. ६४ बिटांच्या चिन्हांकित (ऋण-धन दोन्ही संख्या धरणाऱ्या) पूर्णांकात तो अवघ्या एकाने मावत नाही, आणि ती मर्यादा ऋण होऊन बसली. दुरुस्ती दोन ओळींची होती. परंतु तोवर दुसऱ्या रिपॉझिटरीत त्याच फंक्शनमधल्या चलांची नावे बदलली होती आणि तिसरीत दशांश चिन्हाची सोय घातली गेली होती, त्यामुळे पॅच (दुरुस्तीच्या बदलांची तयार फाइल) सरळ लागेना, आणि एकच दोष तीन ठिकाणी नव्याने समजून घेऊन दुरुस्त करावा लागला. यावर उपाय म्हणून ते फंक्शन सामायिक लायब्ररीत नेले, तर चौथी रिपॉझिटरी उभी राहिली: आधी लायब्ररीचे रिलीज, मग तिन्ही पॅकेजांत तिच्या किमान आवृत्तीची अट, मग त्या तिघांची रिलीज, आणि शिवाय हा क्रम डिस्ट्रिब्युशनच्या (तयार लिनक्स प्रणालींच्या) मेंटेनरांना, म्हणजे तिथे पॅकेजे सांभाळणाऱ्यांना, कळवत राहणे. दोन ओळींसाठी चार रिलीज करण्याचा हा शीण वर्षभर सोसला आणि मग सगळे पुन्हा एका सोर्समध्ये आणले. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पानेही फाइलयुटिल्स, शेलयुटिल्स आणि टेक्स्टयुटिल्स ही तीन स्वतंत्र पॅकेजे एकत्र करूनच कोअरयुटिल्स घडवले आणि २००३ साली त्याची ५.० आवृत्ती काढली, हे त्या वेळी धीर देणारे वाटले.

दुसऱ्या मार्गाचे चांगले उदाहरण डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये आहे. तिथे माउंट, एफडिस्क, यूयूआयडी-रनटाइम ही पॅकेजे वेगवेगळी दिसतात, पण बांधली जातात ती युटिल-लिनक्स या एकाच सोर्समधून. अर्थात इथेही त्रास आहे. एखादी फाइल जुन्या पॅकेजातून नव्यात हलवली आणि ‘ब्रेक्स’ (कोणत्या जुन्या आवृत्तीशी जमत नाही) व ‘रिप्लेसेस’ (कोणाच्या फाइलींची जागा घेतो) या दोन नोंदी योग्य आवृत्तीसह केल्या नाहीत, तर ही फाइल दुसऱ्या पॅकेजाची आहे असे सांगून डीपीकेजी हे डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन अपग्रेड अर्ध्यावर थांबवते. ‘इसेन्शियल’ (प्रणालीत सदैव असायलाच हवे असे) पॅकेज असेल तर काम आणखी नाजूक होते, कारण ते असणारच असे धरून इतर पॅकेजे त्याच्यावरचे अवलंबित्व सहसा नोंदवत नाहीत. त्यातून एक कमांड बाहेर काढली, की तिच्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट शोधून ते अवलंबित्व जागोजागी लिहावे लागते. पण हा त्रास प्रत्येक हलवाहलवीला एकदाच होतो, तर सामायिक कोडचा त्रास दर दुरुस्तीला होतो. माझ्यापुरता निर्णय या फरकाने केला.

तुमच्या संचाचे उत्तर निराळे असू शकेल. गेल्या वर्षभरातल्या गिट लॉगमध्ये (कोडबदलांच्या नोंदवहीत) एकाहून अधिक उपविभागांना हात घालणारे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, किती आहेत, ते पाहावे. ते तुरळक असतील आणि प्रत्येक भागाला स्वतःचा मेंटेनर मिळत असेल, तर सोर्स वेगळा करायला माझी हरकत नसेल. तसे नसेल तर आधी बांधणीत प्रत्येक युटिलिटीसाठी चालू-बंदचा पर्याय द्यावा, म्हणजे स्वतः सोर्सवरून बांधणाऱ्यांनाही नको ते गाळता येईल. मग सर्वांत कमी गुंतलेली एकच कमांड नव्या पॅकेजात हलवावी, आणि स्वच्छ कंटेनरमध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या, कोऱ्या प्रणालीत) मागची आवृत्ती बसवून तिच्यावरून अपग्रेड करून पाहावे. नव्याने बसवण्याची चाचणी इथे पुरत नाही, कारण फाइलींची टक्कर अपग्रेडमध्येच उघडी पडते.