सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी: दर महाग, पण हिशेब चोख

जुळे सोलापुरातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीने गेल्या वर्षी सुरक्षारक्षकांचे काम शहरातल्याच एका नव्या एजन्सीकडे सोपवले. तिचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या सोसायटीला निवड करायची आहे, तिला दरपत्रक कसे तपासावे याची माहिती अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

आम्ही दरपत्रके मागवली तेव्हा बहुतेकांनी एका रक्षकामागे दरमहा एक ठोक आकडा लिहून पाठवला. या एकाच एजन्सीने मूळ वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, बोनस, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येणारा बदली रक्षक, एजन्सीचा नफा आणि शेवटी 18 टक्के जीएसटी अशी फोड करून दिली. ती वाचल्यावर इतरांचे स्वस्त दर कशामुळे स्वस्त आहेत हे लक्षात येऊ लागते. समजा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 15,000 रुपये होतात. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा प्रशासकीय आकार धरून 13 टक्के म्हणजे 1,950 रुपये, विम्याचा 3.25 टक्के म्हणजे सुमारे 488 आणि किमान बोनस 8.33 टक्के म्हणजे सुमारे 1,250 रुपये होतो. बदली रक्षक, गणवेश आणि एजन्सीचा नफा धरण्याआधीच ही रक्कम 18,600 रुपयांच्या पुढे जाते. मग जो ठेकेदार सगळे मिळून 14,000 रुपयांत रक्षक देतो, तो हा फरक स्वतःच्या खिशातून भरत असेल, असे मानायला फारच भाबडेपणा लागेल.

बारा तासांच्या ड्यूटीचा हिशेब तर याहून बोलका आहे. दोन माणसांत चोवीस तास भागतात, म्हणून ही पद्धत स्वस्त, असा समज आमच्या सभेतही होता. परंतु जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो. आठ तासांचा दिवस धरला, तर पुढच्या चार तासांचे आठ तासांइतके पैसे होतात. म्हणजे एका माणसाला एका दिवसात दोन दिवसांचा पगार आणि दोघांना मिळून चार दिवसांचा. आठ-आठ तासांचे तीन रक्षक नेमले, तर तीनच दिवसांचा पगार द्यावा लागतो. नऊ तासांचा दिवस धरून पाहिले तरी दोन रक्षकच महाग पडतात. बारा तासांची ड्यूटी स्वस्त पडते ती जादा कामाचे पैसे बुडवले जातात म्हणूनच. या एजन्सीने आम्हाला तीन पाळ्यांचाच प्रस्ताव दिला, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

पगार बँकेत जमा होतो, पगारपत्रक मिळते आणि विम्याचे कार्डही रक्षकांच्या हाती आलेले आहे. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय असल्यामुळे ते कार्ड नुसते शोभेचे राहत नाही. महाराष्ट्रात विशेष भत्ता महागाई निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी सुधारला जातो, त्यामुळे या एजन्सीचे बिलही वर्षातून दोनदा बदलते. काही सभासदांना हे खटकले. माझ्या मते, ज्या एजन्सीचे बिल वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, तिच्याबद्दलच अधिक शंका घ्यायला हवी.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. बदली म्हणून येणाऱ्या रक्षकाला पाण्याच्या व्हॉल्व्हची माहिती नसते. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेही कधी भलत्या वेळी. अशा रात्री मोटार वेळेवर चालू झाली नाही, तर अख्ख्या इमारतीला टँकर मागवावा लागतो. सुपरवायझरची रात्रीची फेरी कागदावर नियमित दिसते, प्रत्यक्षात क्वचितच होते. पहिल्या पगारातून गणवेशाचे पैसेही कापले गेले होते. गणवेशाचा खर्च दरपत्रकात आधीच धरलेला असल्याचे आम्ही लेखी दाखवून दिल्यावर ती रक्कम परत मिळाली. फोड केलेले दरपत्रक हाताशी नसते, तर हे कळलेही नसते.

रक्षकांना ठेकेदार किती पगार देतो याच्याशी सोसायटीचा संबंध काय, असा प्रश्न आमच्याकडे विचारला गेला. किमान वेतन अधिनियम, 1948 मध्येच दुसऱ्या व्यक्तीमार्फत माणसे कामाला लावणाऱ्यालाही मालक मानलेले होते. आता त्या कायद्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. ठेकेदाराने पगार थकवला, तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर जबाबदारी येण्याची तरतूद तिच्यातही आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 खालची वेठबिगारी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात 1982 मध्येच सांगितले आहे. सभेत हे वाचून दाखवल्यावर सर्वांत स्वस्त दरपत्रकाचा आग्रह बराच निवळला.

दरमहा प्रत्येक सदनिकेमागे देखभाल खर्च वाढला, हे खरे. तरीही पाचपैकी चार गुण द्यावेत अशी ही सेवा आहे. उरलेला गुण बदली रक्षक आणि रात्रीची फेरी यांसाठी राखून ठेवला आहे. कराराचे नूतनीकरण करताना बदलीसाठी ठरावीक दोनच माणसे पाठवावीत आणि दरमहा बिलासोबत भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याची पावती जोडावी, या दोन अटी आम्ही घालणार आहोत.