कंटूर गेज : फायरप्लेसच्या कडेला उपयोगी, दाराच्या पट्टीला नको

लाकडी फ्लोअरिंगचं काम खोलीच्या मधल्या भागात भराभर होतं आणि अडतं ते फायरप्लेसच्या दगडी ओट्याशी नाहीतर दाराच्या चौकटीशी. कंटूर गेज विकला जातो तो या दोन्ही जागांसाठी. एका रांगेतले बारीक सरकते दात वस्तूवर दाबायचे, खटका लावून आकार पक्का करायचा आणि तो फळीवर पेन्सिलीने उतरवायचा. ओट्याच्या नक्षीदार कडेला तो फार छान काम देतो. दाराच्या लाकडी चौकटीला मात्र वापरू नये.

घ्यायचाच तर १० इंची आणि खटक्याचा घ्या. ५ इंचीत कोपरा दोन-तीन तुकड्यांत घ्यावा लागतो आणि प्रत्येक जोडावर मिलिमीटरभर चूक शिरते. हातात घेतल्यावर खटका लावून गेज उभा धरा आणि हलकेच झटका द्या. दात घसरले तर कडेचे स्क्रू थोडे आवळावे लागतील. जास्त आवळले तर दात एकेक सरकत नाहीत, शेजारच्याला ओढत नेतात आणि गोलाई चपटी होते. प्लास्टिकचे दात साधारण मिलिमीटरभर जाडीचे असल्याने रेघ पायऱ्यापायऱ्यांची येते. पायऱ्यांच्या मधून सलग रेघ हाताने ओढून घ्यावी.

माप घेताना गेज थेट जमिनीवर ठेवू नका. खाली फ्लोअरिंगखाली अंथरायचा फोम आणि त्यावर फळीचा तुकडा ठेवून त्यावर गेज टेकवा, कारण दगडाची कड खाली एक आणि फळीच्या उंचीला दुसरी असू शकते. गेजच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा. उतरवताना तो उलटा पडला, तर कापलेली खाच आरशातली निघते आणि फळी वाया जाते.

या गेजची खरी मर्यादा फटीत दिसते. तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवता नुसत्या एकमेकांत अडकवलेल्या फळ्यांच्या फ्लोअरिंगला कडेने ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा लागते. लाकूड दमट हवेत फुगतं आणि जागा नसेल तर सांधे उचलले जातात. बरेच जण आकार उतरवताना गेज १० मिलिमीटर मागे सरकवतात. त्याने फट फक्त समोरून मिळते, नक्षीच्या बाजूच्या भिंतींशी फळी टेकूनच राहते. त्यापेक्षा आकार आधी पुठ्ठ्यावर कापा, त्यातला दगडाच्या आकाराचा तुकडा फळीवर ठेवा आणि २० मिलिमीटर व्यासाचा, छिद्रात पेन्सिलीचं टोक नेमकं बसणारा वायसर त्या कडेने लोळवत न्या. रेघ सगळीकडून सारखी १० मिलिमीटर आत येते. जिगसॉने (उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीने) कापताना वर कापणाऱ्या साध्या पात्यासाठी फळी पालथी ठेवा, म्हणजे वरचा थर उडत नाही. पालथ्या फळीवर पुठ्ठाही उलटाच ठेवायचा. उरलेली फट कॉर्कच्या पट्टीने किंवा लवचीक फिलरने भरा. कडक पुट्टी भरली तर फटीचा उपयोगच संपतो. आगीपासून लाकूड किती लांब हवं, हे मात्र स्थानिक नियम आणि शेगडीच्या माहितीपत्रकातून आधीच ठरवून घ्या.

आता दार. चौकटीभोवतीच्या लाकडी पट्टीच्या पायऱ्या फळीवर कितीही नेटक्या उतरवल्या तरी फट उघडीच राहते. इथे कापायची ती फळी नाही, पट्टी. पट्टीला लागून फोम आणि त्यावर फळीचा तुकडा पालथा ठेवा, बारीक दातांची करवत त्यावर आडवी टेकवून पट्टी आणि चौकटीचा खालचा भाग कापा. भुसा पुरता झाडून घ्या, नाहीतर फळी आत अडकते. फळी १० ते १२ मिलिमीटर पट्टीखाली जाऊ द्या, पण मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. तिथे ती तिरकी करून लॉक करता येत नाही, म्हणून आधी बसवलेल्या फळीच्या खाचेचा उभा ओठ पटाशीने काढा, पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद लावा आणि नवी फळी सपाट सरकवून पुल-बारने, म्हणजे फळी ओढून घ्यायच्या वाकड्या टोकांच्या लोखंडी पट्टीने, ठोका.

चौकट लोखंडी असेल तर करवत चालत नाही. तिथे मात्र हाच गेज पुन्हा हातात घ्यावा लागतो, वायसरसकट.