सात रस्त्याजवळचा लिनक्सवाला: सर्व्हर अपग्रेडनंतर बिघडलेल्या स्क्रिप्टचं काम, ५ पैकी ४

सोलापुरात प्रिंटर, सीसीटीव्ही, लॅपटॉपची स्क्रीन करून देणारे पायलीचे पन्नास मिळतात पण लिनक्सच्या शेल स्क्रिप्टला (कमांड ओळीनं लिहून ठेवलेली फाइल) हात लावणारा माणूस विचारला की सगळे पुण्याकडं बोट दाखवतात, म्हणून हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकू नका असं त्या पोरानंच सांगितलंय, एकटाच आहे आणि फोन आवरत नाहीत म्हणे. सात रस्त्याला लिनक्सवाला कुठं बसतो विचारलं तर कुणीही सांगतंय, जिन्यानं वर.

आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. पार्टीवाइज ऑर्डरची सीएसव्ही वाचून रात्री बारकोड लेबल काढणं, दिवसाचे पीस मोजणं, बॅकअप गोडाऊनच्या मशीनवर टाकणं, हे सगळं छोट्या छोट्या स्क्रिप्टवर चालतंय आणि ज्यानं त्या लिहिल्या तो कधीच हैदराबादला गेला. सर्व्हर सेंटॉस ७ वर होता, हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला बंद झाला तरी आम्ही रेटतच होतो, शेवटी मालकांनी एका व्हेंडरकडून उबंटू २४.०४ हे दुसरं लिनक्स टाकून घेतलं. मशीन चालू, नेट चालू, डेटा जागेवर, आणि स्क्रिप्ट सगळ्या आडव्या. ‘सिंटॅक्स एरर, रिडायरेक्शन अनएक्स्पेक्टेड’, आणि ओळ नेमकी ती जिथं कमांडला इनपुट द्यायला <<< किंवा < <( असं काहीतरी लिहिलेलं. फाइल आहे, तिची परमिशन आहे, हातानं उघडली तर उघडते, मग इनपुट का घेत नाही?

एका ठिकाणी दाखवलं तर त्यानं स्क्रीनकडं न बघताच फॉरमॅट मारावं लागंल सांगितलं. दुसरा म्हणाला परत सेंटॉस टाका, म्हणजे सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या सिस्टिमवर पार्ट्यांचे हिशेब ठेवा, वा!

या पोरानं पहिला प्रश्न विचारला, “सर, ही स्क्रिप्ट चालवतंय कोण?” मी म्हटलं क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम. “ते झालं, पण शेल कुठला?” शेल म्हणजे स्क्रिप्टमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बॅश आणि डॅश हे त्याचे दोन प्रकार. मग /बिन/एसएच ची लिंक तपासली तर ती डॅशकडं निघाली. सेंटॉसवर एसएच म्हटलं तरी आतून बॅशच असतो, उबंटूनं मात्र २००६ सालच्या ६.१० व्हर्जनपासून एसएच म्हणजे डॅश केलाय, डेबियननं पण २०११ ला तेच केलं, कारण डॅश हलका आहे, बूट होताना पटापट चालतो. पण बॅशनं स्वतःच्या पदरच्या ज्या सोयी दिल्यात त्या डॅशला कळतच नाहीत, आणि <<< व < <( ) ह्या दोन्ही त्यातल्याच.

आता यात मेख अशी की स्क्रिप्ट कुठल्या शेलनं चालवायची ते पहिल्या ओळीत लिहितात, आणि आमच्यात तिथं बॅशच लिहिलेलं होतं. मग डॅश आला कुठनं? तर व्हेंडरनं फाइली पेनड्राइव्हवरून आणल्या, त्यात एक्झिक्यूट परमिशन उडाली, स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणायला लागल्या, तेव्हा त्यानं क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, प्रत्येक फाइलच्या आधी ‘एसएच’ जोडून दिलं. असं जोडलं की पहिल्या ओळीत काय लिहिलंय ते कुणी बघतच नाही, ती नुसती कॉमेंट होऊन बसते. हे त्यानं दाखवलं तेव्हा मला तो व्हेंडर आणि त्याचं बिल दोन्ही आठवलं.

पण एरर येणाऱ्या स्क्रिप्टचं एक बरं असतं, निदान बोंबलतात तरी. लेबलची स्क्रिप्ट एरर न देता चालायची आणि सकाळी कधी अर्धीच लेबलं, कधी एक पण नाही, लॉग फाइल रिकामी. त्या ओळीत शेवटी &> लावून सगळं आउटपुट लॉगमध्ये टाकलेलं. बॅशमध्ये ते बरोबर आहे, डॅश मात्र त्याचे दोन तुकडे करतो, & म्हणजे प्रोग्राम बॅकग्राउंडला सोड आणि > म्हणजे लॉग फाइल रिकामी कर. झालं, प्रोग्राम मागं लेबलं बनवत बसलाय आणि पुढची ओळ तोवर थांबायचं सोडून अर्धवट फाइलच इनपुट म्हणून वाचायला घेते. पॅकिंगवाले आमच्यावर ओरडायचे आणि आम्ही प्रिंटरवर. हे शोधलं यासाठीच मी त्याला एक स्टार जास्त देतो.

पीस मोजायच्या स्क्रिप्टचं वेगळंच. व्हेंडरनं < <( ) काढून तिथं पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं | चिन्ह) लावला होता, एरर गेला पण टोटल रोज शून्य! पाइपच्या पुढचा लूप सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या कॉपीत चालतो, त्यातली बेरीज बाहेर येतच नाही. बॅकअपचा लूप पहिल्याच फोल्डरवर थांबायचा कारण आत नवीन टाकलेला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारा प्रोग्राम) उरलेली यादी स्वतःच इनपुट म्हणून गिळून टाकत होता, त्याला -एन लावलं की झालं.

मी म्हटलं एसएच ची लिंकच बॅशकडं वळवून टाका ना, एका मिनटाचं काम. नको म्हणाला, “उद्या दुसऱ्या मशीनवर नेलं की परत हेच, आणि तेव्हा मी नसलो तर?” परमिशन परत दिली, क्रॉनटॅबमधले ‘एसएच’ काढले, क्रॉनटॅबच्याच वर शेल बॅश आहे असं लिहिलं, शेलचेक हा स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा प्रोग्राम टाकून सगळ्या फाइली त्यातनं काढल्या. धंद्याच्या हिशेबानं त्यानं स्वतःचंच नुकसान केलं, पण असा माणूस मिळत नाही.

पैसे १,८०० घेतले, मला ते कमीच वाटले. तक्रारी पण आहेत. फोन उचलत नाही, मेसेजला रात्री उत्तर देतो. जीएसटी बिलासाठी इतकं मागं लागावं लागलं की आमच्या अकाउंटंटनं माझ्याशी बोलणं सोडलं. काय काय बदललं ते लिहून द्या म्हटलं तर वहीचं पान फाडून दिलं, अक्षर डॉक्टरचं. आणि बोलतो लई, डॅश बॅशवरनं गाडी कुठंपण जाते. एक स्टार तिथं गेला. प्रिंटर, विंडोज, टॅली घेऊन जाऊ नका, सरळ परत पाठवतो.

जाताना क्रॉनटॅबची कॉपी, जुन्या स्क्रिप्ट आणि एररचा फोटो सोबत न्या, नाहीतर तो पहिलं तेच आणायला लावतो. उन्हाळ्यात चारच्या आत शटर उघडत नाही, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात काम काढूच नका. गाडी खाली लावायला जागा नाही, रिक्षानं जा.