पेठेतली जुनी शाळा, नवी पद्धत आणि सुटे कागद : वर्षभरानंतरचा अनुभव

पटसंख्या घसरून बंद पडलेली आमच्या पेठेतली मराठी शाळा गेल्या जूनमध्ये प्रकल्प पद्धतीने पुन्हा सुरू झाली. इमारत तीच, सागवानी जिना तोच. सेमी इंग्रजी, फी, वर्गातली मुलं याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे ते सोडते. माझी मुलगी तिसरीत आहे आणि मला बोलायचंय ते वह्यांबद्दल.

या शाळेत वह्याच नव्हत्या. सगळं सुट्या कागदांवर. कागद फायलीत, फाईल कपाटात आणि कपाटाची किल्ली ताईंकडे. घरी काही येतच नाही, मग पोरगी काय शिकली हे आईबापांनी ओळखायचं कशावरून? २०२३-२४ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांतच लिहायला कोरी पानं जोडली होती. ती सोय कितपत चालली ते बाजूला ठेवा, पण मुलाचं लिखाण एका जागी राहावं एवढं तरी त्यात होतं.

जुलैत 'छपरावरचं पाणी' हा प्रकल्प झाला. मुलांनी सरळ बाजूची प्लास्टिकची बरणी अंगणात ठेवून रोज पाऊस मोजला. बरणी पागोळ्यांखाली ठेवली की आकडा फुगतो, हे त्यांनीच शोधलं आणि ती मोकळ्यावर सरकवली. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढं ताईंनी सांगितलं. छपराचं माप खाली जमिनीवर टेप लावून घेतलं. त्यावरून वर्गात भांडण जुंपलं. कौलं उतरती, म्हणजे त्यांचं क्षेत्रफळ जास्त, मग पाणीही जास्त नको का? ताईंनी उत्तर दिलं नाही. अंधाऱ्या खोलीत वरून टॉर्च धरला आणि पुठ्ठा आधी आडवा, मग तिरका केला. सावली आखडली. पाऊस सरळ पडत असेल तर तो सावलीएवढ्याच जागेतला मिळतो, हे मुलीने घरी पोळ्या लाटताना मला समजावलं. छप्पर १८० चौरस मीटर, पाऊस २० मिलिमीटर, म्हणजे ३६०० लिटर! हा गुणाकार तिने आपणहून केला. तोवर मी शाळा बदलायच्या विचारात होते. त्या दिवशी तो विषय संपला.

आणि ऑगस्टमध्ये कपाटावर छत गळलं. महिनाभराच्या नोंदींचा लगदा झाला. मुलगी रडली, माझा तर जीव तुटला. शाळेचं म्हणणं, 'प्रक्रिया महत्त्वाची, कागद नाही.' हे मला अजिबात पटत नाही. पावसाच्या प्रकल्पात नोंद हाच अर्धा प्रकल्प असतो. मागचा आठवडा पुढच्याशी ताडून बघायचा कशाच्या जोरावर?

तीन-चार पालक मिळून मागे लागलो, तेव्हा दिवाळीनंतर शंभर पानी नोंदवही आली. लगेच फरक दिसला. बाजाराच्या प्रकल्पात तिने मंडईतले मेथीचे भाव आठवड्यागणिक लिहिले आणि जानेवारीत मागची पानं उलटून जुडी कधी स्वस्त झाली ते दाखवलं.

पाढे मात्र शाळेत पाठ होत नाहीत, ते घरी घ्यावे लागतात.

खर्चाचंही सांगते. साहित्य शुल्क वेगळं, वर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कार्डशीट, ग्लू गन, रंगीत प्रिंट यांसाठी धावाधाव. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली ती हाताच्या कामातून शिक्षण म्हणूनच, आणि तिथे हातात तकली होती. आमच्याकडेही सगळ्यात चांगला प्रकल्प बरणी आणि टेपवर झाला. मग बाकीच्यांना सजावट कशाला?

तरीही पुढच्या वर्षी मुलगी तिथेच जाणार आहे, कारण 'का' विचारल्यावर गप्प बस म्हणणारं तिथे कुणी नाही. चौथीला वही पहिल्या दिवसापासून द्यावी आणि ती रोज घरी पाठवावी, असं पालकसभेसाठी लेखी तयार केलंय. या शाळेतल्या ज्या पालकांना पटत असेल त्यांनी सभेआधी सही करावी.