शेअर्ड व्ह्यूमॉडेल की फ्रॅगमेंट रिझल्ट?

महापेच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या डब्यांचं अँड्रॉइड ॲप बनतंय. एका फ्रॅगमेंटमध्ये (म्हणजे स्क्रीनच्या एका स्वतंत्र भागात) ऑर्डरचा फॉर्म, दुसऱ्यात स्टेशनांची यादी. यादीत कोपरखैरणे निवडलं की ते फॉर्ममध्ये दिसायला हवं.

आधी ॲक्टिव्हिटीला (दोन्ही फ्रॅगमेंट जिच्यात बसतात ती मुख्य स्क्रीन) बांधलेलं शेअर्ड व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनचा डेटा सांभाळणारा सामायिक ऑब्जेक्ट, वापरलं. लिहायला सोपं, फोन आडवा केला तरी डेटा टिकतो. पण टिकतो म्हणजे टिकतोच! घणसोलीची ऑर्डर दिल्यावर नवा फॉर्म उघडला, तर घणसोली आधीच ठाण मांडून बसलेलं. साफ करायला मीच विसरलो होतो. (व्ह्यूमॉडेल नेव्हिगेशन ग्राफपुरतं, म्हणजे ऑर्डरच्या स्क्रीनच्या गटापुरतंच ठेवलं असतं तर हे टळलं असतं.)

फ्रॅगमेंट लायब्ररीच्या १.३.० आवृत्तीपासून मिळणारा फ्रॅगमेंट रिझल्ट म्हणजे चिठ्ठी. एका फ्रॅगमेंटने की (ओळखीचं नाव) लावून बंडल (डेटाचं गाठोडं) ठेवायचं, दुसऱ्याने त्याच कीने उचलायचं. उचललं की संपलं. ऐकणारा फ्रॅगमेंट पुन्हा समोर येईपर्यंत चिठ्ठी थांबते. कीचं स्पेलिंग चुकलं तर मात्र कंपायलर (कोडचं ॲपमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम) हूं की चूं करत नाही. माझी अर्धी दुपार त्यात गेली.

स्टेशनसाठी आता रिझल्टच. डब्यांची संख्या आणि बिल तीन स्क्रीनवर सतत बदलतं, ते व्ह्यूमॉडेलकडेच ठेवलंय.